विषय : दार उघडे ठेवणेबाबत

कोर्ट नाक्यावर, झेरॉक्सवाल्याच्या पत्र्याखाली
एकतीस वर्षं मी दुसऱ्यांची गाऱ्हाणी टाइप केली.
माझ्या मशीनचा ‘ष’ तुटलेला.
त्यामुळे जिल्ह्यातल्या कित्येकांचा ‘विषय’
मी पेनाने पुरा केला आहे.

अर्जाचे चाळीस. शपथपत्राचे ऐंशी.
सदरहू, उपरोक्त, कृपावलोकन व्हावे
ही माझी कुलपं,
आणि किल्लीही मीच विकायचो.
लोक म्हणत, भाऊ, तुमच्या हाताला यश आहे.
हाताला कसलं.
दार कुठल्या बाजूला उघडतं
एवढंच मला ठाऊक होतं.

मंगळवारी येऊरच्या पाड्यावरून जिवली वरठा आली.
वनपट्ट्याचा दावा दोनदा परत आलेला.
जुने कागद तिने पिशवीतून काढून मांडले.
दोन्हींवरचा ‘ष’ शाईचा होता.
ती काही बोलली नाही. मीही नाही.

मग तिने तिसरा कागद काढला.
भाच्याच्या फोनशी बोलून केलेला,
तडकलेल्या काचेतून, एक पैसा न देता.
ती वारलीत बोलली, ते मराठीत अडखळलं,
पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं.
‘आईबापानं नाय इचारलं एवढं त्यानं इचारलं,’ ती म्हणाली.
नाकारल्याचं कारण लेखी दिलं का?
बांधावर कोणतं झाड आहे?
तुझ्या सासूने तिथे नाचणी पेरली ते साल कोणाला आठवतं?

माझ्या नमुन्यात या सगळ्यासाठी
चार बोटं कोरी जागा होती.

‘मंग झालंच की,’ मी म्हटलं, ‘माझ्याकडे कशाला?’
‘फुकटचं हाय,’ ती म्हणाली.
‘फुकटचं खरं असतं का, ते बघा.’

वाचलं. दोनदा वाचलं.
एक कलम चुकीचं होतं, भलत्याच कायद्यातलं,
पण असं ठासून लिहिलेलं की मीच क्षणभर चपापलो.
ते खोडलं. मोहाचं झाड तसंच ठेवलं.
सदरहू कुठेच नव्हतं.
त्यावाचून अर्ज उभा होता,
काठीवाचून चालणाऱ्या बाईसारखा.

किती झाले, तिने विचारलं.
मी दहा घेतले.
फुकट होणं मला अजून जमत नाही.

रात्री कळव्याच्या खोलीत जेवण आवरल्यावर
मीही एका बोटाने विचारलं :
माझ्यासारखे आणखी कुठे आहेत?
त्याने सांगितलं, आहेत.
कुठे चौकातल्या कमानीखाली,
कुठे पोस्टाच्या पायरीवर, छत्री रोवून,
परक्यांची पत्रं लिहीत बसलेले.
म्हणजे त्यांच्याही खुर्चीसमोर आज
कोणी तरी तयार कागद घेऊन उभं असेल.
कोणी जाळ्याचं विचारलं असेल, कोणी गाभण शेळीचं,
कोणी न कळलेल्या औषधाच्या चिठ्ठीचं,
ज्या बोलीला आजवर कचेरीत खुर्ची मिळाली नाही
त्या बोलीत.
आणि त्यांच्याही पोटात असाच गोळा आला असेल,
आणि त्यामागून, उशिरा, लाजत,
थोडं बरंही वाटलं असेल.

झोप येईना. मशीनवरचं फडकं काढलं.
इतक्या वर्षांत स्वतःचा असा पहिलाच अर्ज.
विषय लिहिला. ‘ष’ पेनाने पुरा केला.
महोदय,
आज हे दार उघडं आहे आणि कोणी पैसे मागत नाही.
मी दाराशी बसून पोट भरलेला माणूस आहे,
म्हणून मला माहीत आहे
कुलूप किती सहज लागतं
आणि लावणारा किती नम्रपणे बोलतो.
तरी विनंती की.

एवढ्यावर थांबलो.
वर ‘प्रति’ पुढची ओळ कोरी होती.
फोनला विचारलं, हा कोणाकडे दाखल करायचा?
त्याने सात कार्यालयं सुचवली,
सात देशांतली, पत्त्यांसकट,
आणि खाली लिहिलं, नक्की सांगता येत नाही.

कागद रोलरमध्येच ठेवला आहे.
उद्या जिवली पोचपावती दाखवायला येईल,
तिला विचारतो.